लाल पेन्सिलीचा खुनी

म्हाताऱ्याने पुस्तक जेवणाच्या टेबलावर आपटलं. "पहिल्याच पानावर धुकं आहे," तो म्हणाला. "ज्याला खून सुचत नाही तो धुकं पसरतो. दुसरं आण."

बाईंनी ताटं उचलता उचलता पुस्तक पिशवीत टाकलं. सासऱ्याला उत्तर देणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंत निदान उलटून बोलत तरी नाही.

घरात त्या सून होत्या. पण गल्लीच्या तोंडाशी स्टेशनरीचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर खाजगी वाचनालय आहे, आणि त्या माळ्याच्या लाकडी जिन्यावर पाय ठेवला की त्या बाई व्हायच्या. साऱ्या परिसरात त्यांना दुसरं नाव नव्हतं. कोणाच्या हातात कोणतं पुस्तक द्यायचं हे त्यांना माणसाच्या चपला काढण्यावरून कळायचं. रात्रपाळीहून येणारी नर्स जांभया देत यायची, तिला पहिल्या परिच्छेदात प्रेत लागायचं, नाहीतर ती बसल्या जागी झोपायची. समोरचा शिंपी शिकलेला कमी, पण संशयी फार. त्याला सगळी पात्रं खोटं बोलणारी हवीत. दातांचा डॉक्टर घाबरट, त्याला खून दाराआड झालेला बरा. बाई पुस्तक हातात ठेवायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "उद्या सुट्टी आहे ना? मग न्या." पुस्तक न वाचता परत आलंय, असं सहसा होत नसे. अपवाद एकच, आणि तो बाईंच्याच घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला असायचा.

त्याच्या नावडी ऐकायच्या तर बसून ऐकाव्यात. नायक रडला की पुस्तक बंद. स्वप्न पडलं की बंद. प्रेमप्रकरण सुरू झालं की, "हे यांच्या लग्नात सांगा, मला कशाला?" प्रकरण लांब असलं तर लेखकाला पानांवर पगार मिळतो काय, आणि आखूड असलं तर लेखकाला दम लागतो काय. पोलीस हुशार असले तर ते खोटं वाटतं आणि मूर्ख असले तर आपला वेळ जातो. असं असूनही त्याला रोज नवं पुस्तक हवं, आणि हवं ते असं की हातातून खाली ठेवता येऊ नये. दातही नाहीत आणि चणेही कडकच हवेत, अशातली गत.

म्हातारा यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता. सरकत्या पट्ट्यावरून भाग यायचे, तो मापाचा गेज लावून बघायचा, आणि ज्यात खोट दिसली त्यावर लोखंडावर लिहायच्या मेणाच्या लाल पेन्सिलीने फुली मारायचा. फुली बसली की तो भाग भंगारात. परत तपासणी नाही, अपील नाही. कामगार त्याला पाठीमागे लालपेन्सिल म्हणायचे. साहेब लोक म्हणायचे, याची खूण चुकत नाही. ती खरंच चुकत नव्हती की चुकलेली कोणी बघितली नव्हती, हे भंगारवाल्याला ठाऊक. म्हातारा निवृत्त झाला तेव्हा पेन्सिलींचं अख्खं खोकं घरी घेऊन आला. सुंभ जळला, पीळ राहिला.

आता तो पुस्तकं तपासत होता. खुनी कोण हे कळलं की त्या पानाच्या वरच्या कोऱ्या जागेत लाल पेन्सिलीने ठसठशीत लिहायचा: "पुतण्या." "डॉक्टर." "दुसरी बायको." आणि पुस्तक मिटून टाकायचा. पुढचं वाचायचाच नाही. खोट सापडली, काम संपलं. ती मेणाची पेन्सिल रबराने जात नाही आणि ओल्या फडक्याने पुसली तर पानभर पसरते. पुढचा वाचक रंगात येऊन पान उलटतो तो समोर उत्तर. बरं, उत्तर बरोबर असायचं. तीच खरी जळजळ होती.

लोक चिडले. नर्स म्हणाली, "बाई, मी चाळिसाव्या पानावर विधवा झाले, पुढचं पुस्तक कोणासाठी वाचू?" शिंप्याने तर पुस्तक काउंटरवर ठेवून सांगितलं की, ज्याने हे केलं त्याचा शर्ट माझ्याकडे शिवायला आला तर गळा दोन इंच कमी ठेवीन. सभासद गळायला लागले. मग एक दिवस दुकानमालक धापा टाकत माळ्यावर आला. तो जिना चढून वर आला म्हणजे बातमी वाईटच असायची.

"बाई, हा लाल पेन्सिलवाला महिनाअखेरपर्यंत बंद व्हायला पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर कपाटं रद्दीत घालतो आणि इथे झेरॉक्सची मशीनं लावतो. मशीनला बाई लागत नाही, पोरगंही चालवतं."

बाईंनी मान हलवली. सांगणार काय? ती पुस्तकं त्यांच्याच पिशवीतून त्यांच्याच घरी जात होती. नाव घेतलं असतं तर मालक म्हणाला असता, जिला घरातला म्हातारा आवरत नाही ती वाचनालय काय आवरणार. मध्यंतरी त्यांनी पुस्तकं आणणंच बंद करून पाहिलं होतं. म्हाताऱ्याचं स्वतःचं कार्ड होतं. तो काठी टेकत आला, सगळ्यात नवं पुस्तक उचललं, आणि सभासदांसमोर म्हणाला, "घरच्यांना उपाशी ठेवून बाहेरच्यांना वाढतात आमच्या सूनबाई."

नवऱ्याला सांगावं तर तो मीटर दुरुस्तीच्या खात्यात होता, आणि घरातल्या कुठल्याही भांडणात त्याचा काटा शून्यावरून हलत नसे. "अगं, म्हातारपणी त्यांना दुसरं काय आहे?" तो म्हणाला.

"आणि मला दुसरं काय आहे?" बाई म्हणाल्या. तो बूट घालायला लागला.

खरोखरच त्यांना दुसरं काही नव्हतं. वाचनालयातली ती खुर्ची गेली असती तर सकाळपासून झोपेपर्यंत त्याच खोल्या, तोच म्हातारा आणि त्याची ती संशयी नजर. त्या नजरेचा हिशेब जुना होता.

लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. सासूचं मनगटी घड्याळ दिसेना. तिच्या माहेरहून आलेलं, लहानसं, जिवापाड जपलेलं. घर पालथं घातलं, नाही सापडलं. जेवताना म्हातारा, तेव्हा तो म्हातारा नव्हता, शांतपणे म्हणाला, "घरात नवीन कोण आलंय ते बघा." बस, एवढंच. नवरा ताटात बघत राहिला. काही दिवसांनी घड्याळ सासूच्या मनगटावर परत दिसलं, पण ते कुठून आलं याचा कोणी उच्चार केला नाही. सगळे मूग गिळून बसले. सासूने जायच्या आधी, इस्पितळात, बाईंचा हात धरून सांगितलं, "त्यांच्याच डब्याच्या पिशवीत होतं गं. पट्ट्याची पिन निसटली होती, कारखान्यात बसवून आणायला म्हणून मला न सांगता त्यांनीच नेलं आणि विसरले. तू त्यांना काही बोलू नकोस." सासू भली होती, म्हणून बाई बोलल्या नाहीत. पण गिळलेलं पचतंच असं नाही.

मालक जिना उतरून गेल्यावर बाईंनी म्हाताऱ्याने वाचलेली पुस्तकं कपाटातून काढली आणि एकेक चाळली. म्हातारा पेन्सिल हातात धरूनच वाचायचा, त्यामुळे पान उलटताना अंगठ्याचा पुसट लाल डाग कोपऱ्यावर उठायचा. डाग खुणेपर्यंत, पुढची पानं स्वच्छ. हे त्यांना ठाऊकच होतं. पण काही पुस्तकं निराळी निघाली. त्यांत खूणच नव्हती. डाग निम्म्यापर्यंत येऊन थांबले होते, आणि ती पुस्तकं म्हाताऱ्याने "भंकस आहे" म्हणून परत केली होती. बाईंना त्यातली बरीचशी वाचलेली आठवत होती. एकात खुनी होता घरातला आजोबा. दुसऱ्यात निवृत्त न्यायाधीश, मुलीचा बाप. तिसऱ्यात कर्ता थोरला भाऊ, ज्याला विचारल्याशिवाय घरातलं पान हलत नसे.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. पुतण्या, डॉक्टर, मोलकरीण, भाडेकरू, कोणीही लपून राहिलं तरी म्हातारा त्याला शोधून काढत होता. घरातल्या मोठ्या खुर्चीत बसलेला माणूस मात्र त्याला दिसतच नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता तो मुसळाला टेकून बसला होता.

आता त्यांना एकच पुस्तक हवं होतं. खुनी घरातला म्हातारा असेल, आणि आमिष म्हणून सुरुवातीलाच एखादी सून पुढे केलेली असेल, असं. दुपारी वाचनालयात शुकशुकाट असतो, तेव्हा त्या कपाटं उपसायला लागल्या. सगळ्यात खालच्या फळीवर, कव्हर गेलेली, कोणीच न नेणारी एक कादंबरी मिळाली. श्रीमंत घर, थोरल्या मुलाला विष दिलेलं, नवी सून गप्पगप्प, स्वयंपाकघरात एकटी, औषधाची बाटली तिच्या हाताखाली. आणि सासरा दुःखात बुडालेला, पोलिसांना चहा पाजणारा, प्रत्येक धागा त्यांच्या हातात आणून देणारा. ती सून तुरुंगाच्या दारापर्यंत जाते आणि सासरा बघत राहतो. शेवटचं प्रकरण बाईंनी दोनदा वाचलं. लेखक कोण कुठला देव जाणे, पण त्याला घरं ठाऊक होती. त्यांनी पुस्तकाला नवं तपकिरी कव्हर घातलं, पाठ चिकटवली, आणि घरी नेलं.

"हे तुम्हाला जमायचं नाही, बाबा," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "काय जमायचं नाही?"

"खुनी ओळखणं. तिथे सगळ्यांनी हात टेकलेत. म्हटलं, तुमचा वेळ कशाला घालवा. परत नेते."

"ठेव इथे."

दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाशेजारी पुस्तक मिटून पडलं होतं. म्हाताऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हसू होतं, जे बाईंनी गेली कित्येक वर्षं पाहिलं होतं आणि ज्यावर उकळता चहा ओतावासा त्यांना तितकीच वर्षं वाटत होतं. "तुझ्या सभासदांना अक्कल नाही," तो म्हणाला. "तिसऱ्या प्रकरणात सगळं उघड आहे." बाईंनी उघडून पाहिलं. वर, पूर्वीइतक्याच ठाम अक्षरात, लाल रंगात लिहिलं होतं: "सून."

खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो शब्द तिथे बसणार हे ठाऊक असून, त्यासाठीच गळ टाकलेला असून, त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. मग संताप आला आणि त्या संतापातच त्या वाचनालयाचा जिना चढल्या.

नर्स आली. बाईंनी पुस्तक तिच्या हातात ठेवलं. "यावर खूण आहे. तरी न्या," त्या म्हणाल्या. "आणि शेवट कोणाला सांगू नका."

नर्स परत आली ती जांभई न देता. "बाई, तो लालपेन्सिलवाला आपटला," ती म्हणाली. "मी त्याच्यावर विसंबून त्या बिचाऱ्या सुनेला शेवटपर्यंत शिव्या घालत होते. शेवटी अंगावर काटा आला हो." मग शिंप्याने नेलं, मग दातांच्या डॉक्टरने, आणि मग रांग लागली. गंमत अशी की एक खूण खोटी निघाल्यावर बाकीच्या खुणांचाही धाक गेला. लोक लाल खुणांची पुस्तकं मुद्दाम मागायला लागले, याने इथे बरोबर ओळखलंय की इथेही आपटलाय म्हणून. नासलेली कपाटं पुन्हा चालायला लागली. गळालेले सभासद परतले. मालक जिना चढून आला, आणि पहिल्यांदाच वर येऊन हसला.

"मशीनचं राहू द्या," तो म्हणाला. "पण बाई, ते पुस्तक जपा. जसं आहे तसं फिरतं ठेवा. आज तुमची खुर्ची त्याच्यावर उभी आहे."

म्हाताऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. रविवारी तो वर्तमानपत्र वाचायला वाचनालयात यायचा तसा आला आणि खिडकीजवळ बसला. शिंपी काउंटरशी उभा होता.

"बाई, हा लालपेन्सिल जो कोण आहे ना," शिंपी मोठ्या आवाजात म्हणाला, "त्याने पुस्तक पुरतं वाचलंच नाही. मेल्याने त्या पोरीचं नाव लिहिलं आणि झोपला. केलंय सगळं दुसऱ्यानेच, आणि तो पहिल्या पानापासून समोर बसलाय. आंधळा असणार हा माणूस."

"नाहीतर स्वतःच सासरा असणार," नर्स म्हणाली. माळाभर हशा पिकला.

वर्तमानपत्र खाली आलं नाही. पण त्याचं पानही उलटलं नाही, आणि बाईंनी ते पोटभर पाहून घेतलं. असा घास रोज मिळत नाही. थोड्या वेळाने म्हातारा काउंटरशी आला. "ते तपकिरी कव्हरचं दे," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"नंबर लावावा लागेल."

"मी घरचा आहे."

"इथे घरचं कोणी नसतं, बाबा," बाई म्हणाल्या. "सभासदांना नियम सारखा."

त्याचा नंबर येईपर्यंत घरात म्हातारा कोणाशी बोलला नाही. दुसरं पुस्तक मागितलं नाही, नावं ठेवली नाहीत, ताटातलं मुकाट्याने खाल्लं. नवऱ्याला वाटलं तब्येत बिघडली. बाईंना वाटलं तब्येत पहिल्यांदाच जागेवर येते आहे. शेवटी पुस्तक मिळालं तेव्हा त्याने ते सकाळी घेतलं आणि संध्याकाळी दिवे लागले तरी खुर्ची सोडली नाही. पान उलटल्याचा आवाज स्वयंपाकघरात येत होता. हातातून खाली ठेवता येऊ नये असं पुस्तक त्याला अखेर मिळालं होतं.

जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "भंकस आहे. घरातला मोठा माणूस असं करत नाही."

बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. सासूला दिलेला शब्द होता, पण सासू जाऊन किती काळ झाला. "घड्याळ तुमच्या डब्याच्या पिशवीत सापडलं होतं," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे."

नवऱ्याचा घास हातात राहिला. म्हातारा आधी मुलाकडे बघत होता, मग भिंतीकडे. "मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "त्याच दिवशी. येताना बसमध्ये पिशवीत हात घातला तेव्हा लागलं हाताला."

"त्याच दिवशी?"

"हो."

"जेवायच्या आधी?"

म्हाताऱ्याने पाण्याचा पेला जवळ ओढला. बाईंना उत्तराची गरज नव्हती. म्हणजे हा माणूस घड्याळ पिशवीत घेऊन ताटावर बसला होता आणि घरात नवीन कोण आलंय ते बघायला सांगत होता. त्या इतकी वर्षं समजत होत्या की त्याची चूक झाली. चूक झालेली नव्हती.

"म्हणजे ते एक तुम्ही शेवटपर्यंत वाचलं होतंत," त्या म्हणाल्या, आणि ताट उचलून आत गेल्या. मागे नवरा काहीतरी पुटपुटला. आज त्याचा काटा हलला असेलही, पण तो बघायला त्या थांबल्या नाहीत.

सकाळी पुस्तक टेबलावर होतं. म्हाताऱ्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाईंनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि वाचनालयात येऊन, परत आलेलं प्रत्येक पुस्तक चाळायची सवय, तशी पानं चाळली. अंगठ्याचे लाल डाग यावेळी शेवटच्या पानापर्यंत गेले होते. मग त्या तिसऱ्या प्रकरणावर आल्या. जुन्या खुणेला लागूनच, त्याच मेणाच्या पेन्सिलीने, पण कापऱ्या अक्षरात दोन शब्द वाढले होते. आता ती ओळ अशी होती: "सून. नाही. सासरा."

साऱ्या नोकरीत त्या माणसाने मारलेली फुली कधी मागे घेतली नव्हती. ही माफी होती? की सगळ्यांसमोर हसं करणारं ते पुस्तक एका फटक्यात नासवून टाकायचा डाव? खुन्याचं नाव पुन्हा बरोबर लिहून ठेवलं होतं म्हाताऱ्याने, तिसऱ्याच प्रकरणात, मेणात. त्याला विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं नसतं. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. पण या घरात त्यांच्या बाजूने लिहिलेले आजवरचे तेच दोन शब्द होते.

जिन्यावर पावलं वाजली. नंबराप्रमाणे आता दातांच्या डॉक्टरची बायको येणार होती.

बाईंनी खण उघडला. फाटलेली पानं सांधायचा पांढरा डिंकाचा कागद काढला, कात्रीने एक अरुंद पट्टी कापली, जिभेने ओली केली आणि "नाही. सासरा." या शब्दांवर नीट बसवली. कडा अंगठ्याने दाबल्या. पट्टीखालून लाल रंग जरासाही दिसत नव्हता. वर पुन्हा एकच शब्द उरला.

"आलं का हो ते लाल पेन्सिलीचं?" डॉक्टरची बायको काउंटरशी येऊन म्हणाली. "खरंच सुनेने केलेलं असतं का?"

"वाचून बघा," बाई म्हणाल्या, आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.